अर्ध्या आण्याचा पहारा

उज्जैन शहरात, ग्वाल्हेर संस्थानाच्या काळी वसलेल्या फ्रीगंज भागात, टावर चौक नावाचा एक चौक आहे. मधोमध घड्याळाचा मनोरा, भोवती रस्ते आणि दुकाने, संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांपाशी जमणारी माणसे असे त्याचे स्वरूप आहे. चौक सर्वांचा आहे. तेथे कोणीही यावे, कोणीही बोलावे. असे असूनही तेथे हजार माणसे एकाच वेळी व्याख्याने देत उभी राहिली आहेत, असे कधी घडत नाही. पोलिसांचा धाक हे त्याचे एकच कारण नव्हे. चौकात बोलू इच्छिणाऱ्याला काही मोल द्यावे लागते. त्याला स्वतः तेथवर यावे लागते, घसा कोरडा करावा लागतो, आपला वेळ खर्ची घालावा लागतो आणि ओळखीच्या चार माणसांना तोंड दाखवावे लागते. हे मोल कोणी ठरवून बसविलेले नाही. म्हणून ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु सार्वजनिक जागेचे स्वास्थ्य पुष्कळ अंशी त्याच्यावरच टिकून असते.

हे मोल शून्यावर आले तर काय होईल? एका माणसाला घरबसल्या, पदरचा पैसा न मोडता, जगातील सर्व चौकांत एकाच क्षणी बोलता आले तर? गेल्या पन्नास वर्षांत संगणकाच्या टपालाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर नीट समजावयाचे असेल, तर प्रथम कागदाच्या टपालाकडे वळले पाहिजे.

अठराव्या शतकात उज्जैन हे शिंद्यांचे ठाणे होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तोपर्यंत माळव्यातील या शहरातून दक्षिणेकडे पत्रे जात आणि पुण्याहून येत. ती नेणारे जासूद आणि कासीद पायी मजल मारीत; तातडीचा मजकूर सांडणीस्वाराच्या हवाली होई. त्या काळी एक पत्र धाडणे म्हणजे एका माणसाचे कित्येक दिवसांचे वेतन, त्याचा शिधा आणि वाटेतील चोराचिलटांचे भय. हा सारा भार पाठविणाऱ्याच्या शिरावर असे. पेशवे दप्तरातील हजारो रुमाल धुंडाळून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्यांत राजकारण आहे, हिशेब आहेत, कर्जाच्या तगाद्यांची काकुळत आहे, घरगुती रुसवेफुगवेही आहेत. परंतु ज्याला लिहिले तो कोण हे ठाऊकच नाही, अशा वाटेल त्या माणसाला धाडलेले पत्र त्यांत शोधून सापडणे कठीण. तसे पत्र लिहिणे परवडणारेच नव्हते.

कंपनी सरकारने १८३७ मध्ये कायदा करून टपालाचा कारभार आपल्या हाती घेतला. दर वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे ठरे. हशील आगाऊ भरण्याची सोय होती. न भरल्यास पत्र घेणाऱ्याने ते चुकते करावयाचे. अशा बिनहशिली पत्राला माळव्यात ‘बैरंग’ म्हणत आणि महाराष्ट्रात पुढे ‘नॉटपेड’ हा शब्द रूढ झाला. जुन्या पिढीतील श्रोत्यांना तो आठवत असेल. इंग्लंडातही १८४० पूर्वी बहुधा पत्र घेणाराच दाम देई. त्यातून एक चतुराई जन्मास आली. लिहिणारा पाकिटावरच एखादी ठरलेली खूण करी; घेणारा ती पाहून कुशल समजे आणि पत्र न फोडता परत करी. टपालखात्याच्या वाट्याला मैलोगणती श्रम येत, हाती दमडी पडत नसे. दाम एकाने द्यावयाचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावयाचा, अशी जेथे व्यवस्था असते, तेथे लबाडी आपोआप वाट काढते.

रोलंड हिल याने इंग्लंडात या गुंत्यावर उपाय सुचविला आणि १८४० मध्ये एका पेनीचे तिकीट निघाले. हिंदुस्थानात लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत १८५४ चा टपाल कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्रावर दुप्पट आकार बसे. पुढे १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८५ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. त्यानंतर उज्जैनच्या पेटीत पडणाऱ्या पत्रांवर राणीच्या आणि नंतरच्या राजांच्या मुखवट्यांच्या तिकिटांवर ‘ग्वालियर’ अशी अक्षरे छापलेली दिसू लागली. त्या तिकिटावर माळव्यातील मराठी घराचे पत्र पुण्याला किंवा कोकणात सुखरूप पोहोचे. स्वातंत्र्यानंतर संस्थानाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले आणि ती अक्षरे इतिहासजमा झाली.

अर्ध्या आण्याच्या तिकिटाची थोरवी सांगताना त्याची स्वस्ताई सांगण्याची पद्धत आहे, आणि ती रास्तही आहे. गरिबाला पत्र लिहिणे त्यामुळे शक्य झाले. परंतु त्या तिकिटाने आणखी एक काम केले, त्याची वाखाणणी क्वचितच होते. त्याने पत्राचा भार घेणाऱ्याच्या खांद्यावरून काढून पाठविणाऱ्याच्या खांद्यावर ठेवला. आपल्या आईला पत्र धाडणाऱ्याला अर्धा आणा जड नव्हता. अनोळखी दहा हजार माणसांना पत्रे धाडू पाहणाऱ्याला मात्र पाच हजार आणे, म्हणजे ३१२ रुपये ८ आणे मोजावे लागते. आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पत्रात काय लिहिले आहे याची चौकशी तिकिटाने कधी केली नाही. स्तुती असो, निंदा असो, अर्धा आणा तोच. मजकूर न वाचता दारात उभा असलेला असा हा पहारेकरी होता.

संगणकाच्या टपालाच्या आरंभी हा पहारेकरी कोणी हेतुतः हटविला नाही. त्याची आठवण कोणाला झालीच नाही, इतकेच. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशाने उभारलेल्या अर्पानेट या जाळ्यावर १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसाला निरोप धाडण्याची सोय केली आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘अॅट’चे चिन्ह योजिले. तेच चिन्ह आज जगभर ई-मेलच्या पत्त्यात असते. जाळ्याचा खर्च सरकार सोशीत होते. वापरणारे मूठभर संशोधक होते. १९७५ मध्ये तेथे पहिली मोठी पत्रयादी सुरू झाली. एका पत्त्यावर पत्र धाडावे आणि ते यादीतील सर्वांना मिळावे, अशी ही युक्ती. ‘मेसेज ग्रुप’ नावाची ती यादी आइनार स्टेफरुड यांनी सांभाळली. त्या यादीचा विषय मोठा अर्थपूर्ण होता: संगणकाचे टपाल कसे असावे, यावरच तेथे वाद चालत.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुअर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. पत्ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत मावेनात आणि उरलेले पत्राच्या मजकुरात उतरले. तक्रारी झाल्या, जाळ्याच्या व्यवस्थापकांनी कानउघाडणी केली आणि प्रकरण मिटले. परंतु एक गोष्ट उघड झाली. एकाला लिहिण्यास जेवढे श्रम, तेवढेच चारशेंना लिहिण्यास. अर्धा आणा नाहीसा झाला होता.

यानंतर आले यूजनेट. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली, शेजारच्या विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिला पहिले रूप दिले आणि १९८० मध्ये ते इतरांना खुले झाले. एका संगणकाने रात्री टेलिफोनने शेजारच्या संगणकाला नवे लेख द्यावेत, त्याने पुढच्याला द्यावेत, अशा रीतीने लेख देशोदेशी पसरत. विषयवार विभागांना ‘न्यूजग्रुप’ म्हणत. येथे मालक कोणी नव्हता. ज्या संस्थेचा संगणक, तिने आपापले टेलिफोनचे बिल भरावे आणि सर्वांचे लेख वाहावेत, हा अलिखित करार. टावर चौक जगाएवढा मोठा करावा आणि त्यात प्रत्येकाला समान आवाज द्यावा, तसे हे झाले.

गर्दी वाढली तेव्हा तिला वळण लावण्याचे कामही वाढले, आणि ते बव्हंशी बिनपगारी माणसांनी केले. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये केलेल्या वाचन-प्रणालीत ‘किल फाइल’ होती. नको असलेल्या माणसाचे किंवा विषयाचे नाव तीत लिहून ठेवले की ते लेख त्या वाचकापुरते दिसेनासे होत. इतरांच्या वाचण्यावर त्याचा परिणाम होत नसे. १९८६ आणि १९८७ मध्ये सर्व समूहांची नावे बदलून त्यांची सात मुख्य शाखांत मांडणी झाली. पत्रयाद्यांच्या बाजूला, पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये नव्याने घडविलेल्या ‘लिस्टसर्व्ह’ प्रणालीने यादीत शिरणे आणि यादीतून निघणे सभासदाच्याच हाती दिले.

तरीही चालकाचे काम संपले नाही. यादी मोठी असेल तर रोज काही पत्ते मेलेले निघत आणि त्यांवर गेलेली पत्रे परत येत. ती पाहून नावे कमी करावयाची. कोणी रजेवर जाताना ‘सध्या बाहेरगावी आहे’ असे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवी. ते उत्तर यादीवर येई, यादीवरून पुन्हा त्याच्याकडे जाई, त्याला पुन्हा उत्तर येई, आणि सकाळपर्यंत शेकडो पत्रांचा ढीग पडे. ते चक्र तोडावयाचे. दिवसभराची पत्रे एका पुडक्यात बांधून हवी असतील त्यांना तशी धाडावयाची. तोच प्रश्न शंभरदा येऊ नये म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावयाची. भांडणे विकोपास जाण्यापूर्वी दोघांना बाजूला घेऊन समजवावयाचे. काही समूहांत तर प्रत्येक लेख चालकाने वाचून मगच सोडावा असा नियम होता. या पहाऱ्याला दाम नव्हता, मान बेताचा होता आणि शिव्या मात्र भरपूर होत्या.

या जगात मराठी माणूसही होता. भारतात १९८६ मध्ये अर्नेट हा संशोधन-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यातील आठ संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांचा समावेश होता. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. परंतु अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांना यूजनेट त्याआधीच हाताशी होते. सामाजिक विषयांच्या शाखेत संस्कृतीचा विभाग, त्यात भारताचा, आणि त्याखाली मराठीचा असा स्वतंत्र समूह झाला. ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ हे त्याचे लांबलचक नाव. देवनागरी अक्षरे त्या पडद्यांवर उमटत नसत. म्हणून मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे. अविनाश चोपडे यांनी १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत प्रसृत केलेल्या ‘आयट्रान्स’ या पद्धतीत लहान अक्षराने त आणि मोठ्या अक्षराने ट लिहावा, अशी व्यवस्था होती. तशा मजकुरातून शुद्ध देवनागरी छापून काढता येई. दूरदेशी एकट्या पडलेल्या माणसाला आपल्या भाषेत भांडावयास मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे देशांतर केलेल्यांना सांगावयास नको. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरे. हा कट्टा रोज भरे.

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने पाच हजारांहून अधिक न्यूजग्रुपांवर एकच जाहिरात टाकली. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना देणारी ‘ग्रीन कार्ड’ची सोडत होती, तिचा अर्ज भरून देण्यासाठी हे वकील फी घेणार होते. गणिताचा समूह असो, बागकामाचा असो, जाहिरात तीच. प्रत्येक समूहावर ती वेगळी टाकल्यामुळे वाचक जेथे जाई तेथे ती पुन्हा पुढे उभी राही. त्यात एक विपरीत गोष्ट होती. भारतात जन्मलेल्यांना या सोडतीत भाग घेता येत नव्हता, आणि हे त्या जाहिरातीतच लिहिलेले होते. परंतु ज्यांना उपयोग नाही त्यांना वगळण्याचे कष्ट जाहिरातदाराने कशाला घ्यावेत? पाठविणे फुकट होते. निवडणे मात्र महाग होते. अर्ध्या आण्याच्या काळात हे गणित नेमके उलटे होते.

संतप्त वाचकांनी इतक्या तक्रारी धाडल्या की त्या दांपत्याला सेवा पुरविणारे यंत्र त्या ओझ्याखाली बंद पडले. दांपत्याने खेद मानला नाही. उलट त्याच वर्षी या मार्गाने पैसा कसा मिळवावा यावर पुस्तक लिहिले. १९९७ मध्ये टेनेसी राज्याने कँटर यांची वकिलीची सनद काढून घेतली. एव्हाना अशा अनाहूत मजकुराला ‘स्पॅम’ हे नाव पडले होते. हा वस्तुतः अमेरिकेत १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचा छाप. १९७० मध्ये एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तेच मांस असते आणि त्याच्या नावाच्या गजरात इतर बोलणे बुडून जाते, असा प्रवेश होता. त्यावरून ही उपमा निघाली. तिचा मथितार्थ ‘वाईट मजकूर’ असा नसून ‘इतरांचे बोलणे बुडविणारा मजकूर’ असा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा भेद यूजनेटवरील पहारेकऱ्यांनी अचूक जाणला होता. तेथे लेख रद्द करण्याची तांत्रिक सोय होती आणि १९९४ नंतर काही स्वयंसेवक तिचा उपयोग करून अशा जाहिराती पुसू लागले. तेव्हा प्रश्न आला: उद्या न आवडणारे मतही कोणी पुसले तर? यावर त्यांनी जो तोडगा काढला तो इतिहासात नोंदवून ठेवावा असा आहे. लेखात काय आहे हे पाहावयाचे नाही. त्याच्या प्रती किती समूहांवर टाकल्या, एवढेच मोजावयाचे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक याच मोजणीसाठी होता. तिकिटाप्रमाणेच हा पहारेकरीही पत्र न वाचता त्याचा भार जोखीत होता.

ई-मेलमध्ये मात्र टाकलेले पत्र परत घेता येत नाही. म्हणून तेथे उपाय निराळे झाले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी यंत्रांची काळी यादी चालू केली; पुढच्या वर्षी लंडनच्या स्टीव्ह लिनफर्ड यांनी ‘स्पॅमहाउस’ स्थापिले. यादीतील यंत्राकडून आलेले पत्र घ्यावयाचेच नाही, असा हा बहिष्कार. त्यात चोरांबरोबर शेजारीही अडकत, कारण एकाच यंत्रावरून दोघांची पत्रे निघत. अमेरिकेने २००३ मध्ये कायदा केला. परंतु कायद्याला सीमा असते, पत्राला नसते.

सर्वांत परिणामकारक ठरली ती गणिताची युक्ती. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात त्या तत्त्वावर चालणारी चाळणी कशी करावी हे समजावून दिले आणि ती पद्धत सर्वत्र पसरली. एखादा शब्द आजवर खऱ्या पत्रांत किती वेळा आला आणि कचऱ्यात किती वेळा आला, याचा हिशेब ठेवावयाचा. नवे पत्र आले की त्यातील शब्दांच्या साक्षीवरून निवाडा करावयाचा. चाळणी उत्तम चालली. परंतु हा पहारेकरी पत्र वाचतो. त्याने चुकून एखादे खरे पत्र कचऱ्यात टाकले, तर पाठविणाऱ्याला वाटते पोहोचले आणि घेणाऱ्याला वाटते आलेच नाही. नॉटपेड पत्र परत तरी जाई. हे पत्र दोघांच्या नकळत नाहीसे होते. ज्या भाषेची पत्रे अशा चाळणीने थोडी पाहिली, तिच्याविषयी तिच्यापाशी साक्षही थोडी असते. काही चाळण्यांत अपरिचित अक्षरसंचातील पत्र संशयित मानण्याची सोयच ठेवलेली होती. इंग्रजी पत्रापेक्षा अशा लिपीतील पत्राच्या नशिबी संशय अधिक यावा, हे ओघानेच आले.

म्हणून काही विचारवंतांना पुन्हा तिकिटाची आठवण झाली. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच सुचविले होते की प्रत्येक पत्रासाठी पाठविणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे गणित सोडवावयास लावावे. एका पत्राला ते जाणवणार नाही. दहा लाख पत्रांना मात्र पुष्कळ वेळ लागेल. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ‘हॅशकॅश’ या नावाने तशीच योजना स्वतंत्रपणे आणली. पैशाऐवजी श्रमाचा हा अर्धा आणा होता. पण तो चालला नाही. कचरा धाडणारे लोक दुसऱ्यांचे संगणक चोरून वापरू लागले होते. त्यांच्या तिकिटाचा दाम परभारे भरला जाई. प्रामाणिक पत्रयादीच्या चालकाला मात्र हजारो सभासदांसाठी हजारो गणिते करावी लागली असती.

भारतात एकदा हा अर्धा आणा खरोखरीच नाण्यात अवतरला. मोबाइलवरील अनाहूत संदेशांनी लोक जेरीस आले तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये ‘नको’ म्हणणाऱ्यांची नोंदवही काढली, २०१० मध्ये नियम कडक केले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये हुकूम केला की एका सिमकार्डावरून दिवसाला १०० च्या पुढे गेलेल्या प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे आकारावेत. हा हुकूम २०२० मध्ये मागे घेतला गेला, कारण तोपर्यंत नोंदणी व पडताळणीची नवी यंत्रणा आली होती. परंतु त्यातील तत्त्व १८५४ चेच होते: संदेश वाचू नका, संख्या मोजा.

याच्या उलट वाटेने गेल्यास काय होते, याचाही दाखला महाराष्ट्रात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. त्याच्या एका पोटकलमात, त्रास देण्यासाठी किंवा उगम लपवून फसविण्यासाठी धाडलेल्या ई-मेलचा उल्लेख होता. म्हणजे स्पॅमला आवर घालण्याचा हेतू त्यात स्पष्ट दिसतो. परंतु शब्द इतके ऐसपैस होते की नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. आक्षेप मजकुराच्या भाराला नव्हता, मताला होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

आणि पहारा मुळीच नसल्यास काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून हातोहात फिरत होती. अशी अफवा लिहिणारा एक असतो. पुढे ढकलणारे असंख्य असतात, आणि त्यांना दमडीही खर्च येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. ही मर्यादाही मजकूर वाचीत नाही. ती फक्त थोडे श्रम मागते. पाच जीव गेल्यानंतर आलेला हा अर्धा आणा होय.

अशा समूहांच्या चालकांची जबाबदारी किती, हाही प्रश्न महाराष्ट्रातूनच न्यायालयापुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, चालकाला दोषी धरता येत नाही. कारण मजकूर प्रसृत होण्यापूर्वी तो रोखण्याचा अधिकारच त्याच्यापाशी नसतो. जुन्या यूजनेटवरील चालकाला तो अधिकार होता. सभासद त्याला ओळखत आणि जाबही विचारीत. अधिकार काढून घेऊन पहाऱ्याची जबाबदारी तेवढी ठेवता येत नाही, हे या निर्णयाचे सार आहे. पुढे २०२२ मध्ये चालकाला समूहातील संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली.

न्यूजग्रुपांचे मात्र व्हावयाचे ते झाले. जेथे चालक होते ते काही समूह तगले; उघड्या चौकांत जाहिरातींचे आणि एकच भांडण दहा ठिकाणी टाकणाऱ्यांचे राज्य झाले. भली माणसे निमूटपणे उठून गेली. गूगलने २००१ मध्ये यूजनेटचा जुना संग्रह विकत घेऊन तो वाचकांना खुला केला होता; २२ फेब्रुवारी २०२४ पासून त्या मार्गाने नवे लेख लिहिणे बंद झाले आणि त्यामागे स्पॅमचे कारण प्रामुख्याने होते. जुने लेख तेवढे वाचता येतात, जसे दप्तरातले रुमाल वाचता यावेत.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. बोलणे फुकट झाले की ऐकणे महाग होते, आणि तो खर्च नेहमी निर्बलांच्या माथी पडतो: लहान भाषेच्या, एकट्या चालकाच्या, वाटेने जाणाऱ्या अनोळखी भिक्षेकऱ्याच्या. यावर उपाय करताना जी समाजव्यवस्था मजकूर वाचणारा पहारेकरी नेमते, तिने त्याच्यावरही पहारा ठेवला पाहिजे. जी केवळ भार मोजते, तिला स्वातंत्र्य आणि सुव्यवस्था ही दोन्ही पुष्कळ प्रमाणात सांभाळता येतात. तंत्र बदलत जाईल आणि प्रत्येक पिढीला आपला अर्धा आणा नव्याने शोधावा लागेल. परंतु तो शोध कायदेमंडळात किंवा कारखान्यात पुरा होईपर्यंत एक तिकीट प्रत्येकाच्या हाती आहेच. आलेला निरोप पुढे ढकलण्यापूर्वी, हा पाठविण्यासाठी स्वतःचा अर्धा आणा मोडला असता काय, एवढे मनाशी विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर तो निरोप तेथेच थांबवावा.